थोरला प्लिनी आणि व्हेसुव्हियस पर्वत

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ज्वालामुखीच्या उद्रेकाचे निरनिराळे प्रकार सांगितलेले असतात. त्यांपैकीं अत्यंत भयंकर अशा एका प्रकारास प्लिनीय उद्रेक असें नांव आहे. पर्वताच्या तोंडांतून राख व दगड यांचा स्तंभ कित्येक मैल उंच चढतो, माथ्यावर छत्रीसारखा पसरतो, आणि मग खालच्या प्रदेशावर त्याचा वर्षाव होऊं लागतो. पर्वतांना व बेटांना मनुष्यांचीं नांवें दिलेलीं आपण पाहतों. परंतु संकटाला मनुष्याचें नांव मिळावें हें विरळा. थोरला प्लिनी हा रोमन साम्राज्यांतील एक योद्धा, अधिकारी व ग्रंथकार होता, आणि अशाच एका उद्रेकांत त्याचा अंत झाला. त्याचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों, तें केवळ एका जुन्या विद्वानाची ओळख व्हावी म्हणून नव्हे. आपल्या काळांतील बहुतेक सर्व ज्ञान ज्यानें एका ग्रंथांत गोळा केलें, त्याला नित्य दृष्टीसमोर असलेला डोंगर कसा ओळखतां आला नाहीं, आणि त्या डोंगरानें आपलें खरें स्वरूप प्रकट केल्यावर तो पुरुष कसा वागला, हें पाहण्यासारखें आहे.

प्लिनीचें संपूर्ण नांव गायस प्लिनियस सेकुंडस. उत्तर इटलींत आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं कोमो नांवाचें एक रम्य सरोवर आहे. त्याच्या कांठच्या गांवीं इ. स. २३ किंवा २४ या वर्षीं त्याचा जन्म झाला. घराणें सुखवस्तु व मानाचें होतें. तरुणपणीं तो सैन्यांत शिरला आणि ऱ्हाईन नदीच्या सरहद्दीवर घोडदळाचा अधिकारी म्हणून त्यानें कित्येक वर्षें काढलीं. छावणींतहि त्याची लेखणी स्वस्थ बसली नाहीं. घोड्यावर बसून भाला कसा फेंकावा या विषयावर त्यानें एक लहानसें पुस्तक लिहिलें. तोच त्याचा पहिला ग्रंथ. पुढें जर्मनींतील रोमन युद्धांचा इतिहास त्यानें वीस भागांत लिहिला. या इतिहासाची प्रेरणा त्याला स्वप्नांत झाली असें सांगतात. जर्मनींत मरण पावलेला सेनापति ड्रूसस त्याच्या स्वप्नांत आला आणि आपली स्मृति नष्ट होऊं देऊं नको अशी त्यानें विनवणी केली. विस्मृतीपासून एखादी गोष्ट वांचविणें हें या पुरुषाला किती मोलाचें वाटे, याची ही कथा साक्ष देते.

नीरो बादशहाच्या अखेरच्या वर्षांत स्वतंत्रपणें बोलणें व लिहिणें जिवावर बेतण्यासारखें होतें. त्या काळांत प्लिनीनें राजकारणाचा विषय बाजूस ठेवला आणि भाषेंतील संशयास्पद प्रयोगांवर आठ भाग लिहिले. इ. स. ६९ मध्यें व्हेस्पेशियन गादीवर आला, तेव्हां त्याचे दिवस पालटले. बादशहाचा पुत्र टायटस हा त्याचा छावणींतील जुना सोबती होता. प्लिनी स्पेनमध्यें सरकारी वसुलीचा मुख्य अधिकारी झाला, आणि शेवटीं नेपल्सच्या उपसागराच्या तोंडाशीं असलेल्या मिसेनम बंदरांतील रोमन आरमाराचा तो मुख्य झाला.

एवढा कारभार संभाळून या गृहस्थानें इतकें लिहिलें केव्हां, असा प्रश्न आमच्या विद्यार्थी-वाचकांना पडेल. त्याचें उत्तर त्याच्या दिनचर्येंत आहे. रोमन लोक २३ ऑगस्ट या दिवशीं व्हल्कन या अग्निदेवतेचा उत्सव करीत. त्या दिवसापासून प्लिनी पहांटेपूर्वीं दिवा लावून वाचनास बसण्यास आरंभ करी, आणि हिवाळा असेल तर मध्यरात्र उलटतांच उठे. उजाडण्यापूर्वींच बादशहाच्या भेटीस जाई, तेथून नेमून दिलेल्या कामावर, आणि घरीं परतल्यावर पुन्हां पुस्तकांकडे वळे. जेवतांना कोणी तरी वाचून दाखवी व तो टिपणें घेई. स्नानगृहांत अंग पुसून घेतांनासुद्धां त्याचें श्रवण चालूच असे. प्रवासांत लेखनिक शेजारीं असे, आणि थंडीनें बोटें आंखडून लिहिणें थांबूं नये म्हणून त्याच्या हातांत मोजे घातलेले असत. एकदां वाचणाऱ्यानें एक शब्द चुकीचा उच्चारला आणि पंक्तीस बसलेल्या एका मित्रानें त्याला तो पुन्हां वाचावयास लावला. अर्थ समजला असतांना दहा ओळींचा वेळ फुकट घालविला, म्हणून प्लिनीनें त्या मित्रालाच दोष दिला. कांहीं तरी घेण्याजोगें ज्यांत नाहीं इतकें वाईट पुस्तक असूंच शकत नाहीं, अशी त्याची श्रद्धा होती. त्याच्या मागें बारीक अक्षरांत दोन्ही बाजूंनीं लिहिलेल्या १६० टिपणवह्या राहिल्या. त्यांची संख्या याहून पुष्कळ कमी होती तेव्हांच स्पेनमध्यें एका धनिकानें त्यांबद्दल चार लक्ष सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणीं, देऊं केलीं होतीं; प्लिनीनें तीं घेतलीं नाहींत.

या टिपणांतून इ. स. ७७ मध्यें त्याचा ‘निसर्गेतिहास’ हा ३७ भागांचा प्रचंड ग्रंथ तयार झाला व तो त्यानें टायटसला अर्पण केला. सुमारें दोन हजार पुस्तकें वाचून त्यांतून वीस हजार जाणण्याजोग्या गोष्टी आपण निवडल्या, असा त्याचा दावा आहे. आकाशांतील ग्रह, पृथ्वी, देशोदेशींचे लोक, पशु, पक्षी, वृक्ष, औषधी, धातु, रत्नें, चित्रकला, सर्व कांहीं त्यांत आहे. आपल्या देशाचाहि त्यांत उल्लेख आहे. पावसाळी वाऱ्यांच्या साह्यानें रोमन व्यापारी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास कसे येतात हें त्यानें लिहिलें आहे, आणि या व्यापारापायीं दरवर्षीं निदान पांच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानांत जातात अशी तक्रारहि केली आहे. त्याच ग्रंथांत एका पायाचे लोक हिंदुस्थानांत राहतात व उन्हांत उताणे पडून त्या पायाची सावली डोक्यावर धरतात, अशीहि एक कथा त्यानें जुन्या ग्रीक लेखकांच्या आधारें नमूद केली आहे. त्याचें सामर्थ्य व त्याची उणीव या दोन्ही गोष्टी येथें एकदम दिसतात. वाचलेलें कांहींहि त्यानें वायां जाऊं दिलें नाहीं. परंतु वाचलेलें सर्व डोळ्यांनीं पडताळून पाहणें त्याला शक्य नव्हतें.

आतां त्या पर्वताकडे वळूं. मिसेनमहून उपसागराच्या पलीकडे, सुमारें वीस मैलांवर, व्हेसुव्हियस उभा आहे. त्या काळीं त्याच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते व पायथ्याशीं भरभराटलेलीं गांवें होतीं. पॉम्पेई या गांवीं दहा-अकरा हजार लोकवस्ती असावी. हर्क्युलेनियम हें त्याहून लहान परंतु श्रीमंत होतें. लोकांना त्या जमिनीचा मोह पडावा हें साहजिक होतें. ज्वालामुखीची जुनी राख कुजून जी माती होते ती अत्यंत सुपीक असते. आमच्या दक्षिणेंतील कापसाची काळी जमीनहि सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या शिलारसाच्या खडकापासूनच झाली आहे. आमच्या सह्याद्रीचा अग्नि केव्हांच निवाला आहे. व्हेसुव्हियसचा निवाला नव्हता, तो केवळ निजला होता. इ. स. पूर्वीं ७३ मध्यें स्पार्टाकस नांवाच्या गुलामांच्या पुढाऱ्यानें आपल्या बंडखोर सोबत्यांसह याच डोंगरावर आश्रय घेतला होता, आणि रोमन सैन्यानें वाट अडविली तेव्हां रानद्राक्षाच्या वेलींचे दोर करून ते कड्यावरून खालीं उतरले होते. ज्या पर्वताच्या माथ्यावर वेली माजल्या आहेत त्याच्या पोटांत आग असेल असें कोणाच्या मनांत यावें? स्ट्रेबो नांवाच्या भूगोलज्ञानें माथ्यावरील जळके दगड पाहून तसा तर्क केला होता; परंतु तो तर्क पुस्तकांतच राहिला.

आणखी एक सूचना मिळाली होती. इ. स. ६२ च्या सुमारास फेब्रुवारी महिन्यांत मोठा भूकंप होऊन पॉम्पेई व हर्क्युलेनियम येथील पुष्कळ इमारती पडल्या. त्या वेळीं सहाशें मेंढ्यांचा एक कळप जागच्या जागीं मेला असें तत्त्ववेत्ता सेनेका यानें लिहून ठेविलें आहे. जमिनींतून निघालेली विषारी हवा खालीं साचते व ज्यांचें तोंड जमिनीजवळ असतें तीं जनावरें तिला आधीं बळी पडतात, हा त्यानें केलेला विचार आजहि ज्वालामुखीच्या प्रदेशांत खरा ठरतो. लोकांनीं भिंती पुन्हां बांधल्या, त्यांवर नवीं चित्रें काढलीं, आणि ते तेथेंच राहिले. प्लिनीनें आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत जळणाऱ्या पर्वतांची यादी दिली आहे. सिसिलींतील एटना तींत आहे, आशियांतील किमेराहि आहे, व्हेसुव्हियस नाहीं. त्याचें नांव इतरत्र येतें तें किनाऱ्याचें वर्णन करतांना आणि द्राक्षांच्या जाती सांगतांना!

इ. स. ७९ चें तें वर्ष. व्हेस्पेशियन नुकताच वारला होता व टायटस बादशहा झाला होता. मिसेनम येथें प्लिनीजवळ त्याची बहीण व तिचा सतरा वर्षांचा मुलगा राहत होता. हा भाचा पुढें मामाच्या मृत्युपत्रानें त्याचा दत्तक पुत्र झाला व धाकटा प्लिनी म्हणून प्रसिद्धीस आला. त्या दिवसांची हकीकत आपणांस मिळते ती त्याच्याच दोन पत्रांतून. इतिहासकार टॅसिटस याच्या विनंतीवरून त्यानें तीं सुमारें पंचवीस वर्षांनंतर लिहिलीं. जें स्वतः पाहिलें तें आणि जें प्रत्यक्ष पाहणारांकडून तत्काळ ऐकलें तें, एवढेंच त्यानें सांगितलें आहे.

कित्येक दिवस जमीन मधून मधून हालत होती. परंतु त्या प्रांतांत हें नेहमींचेंच असल्यामुळें कोणी मनावर घेतलें नाहीं. दुपारीं एकच्या सुमारास बहिणीनें भावाला एक विलक्षण ढग दाखविला. प्लिनी स्नान व भोजन उरकून पडल्या पडल्या वाचीत होता. त्यानें पायताण मागविलें आणि तो उंच जागीं चढला. ढग कोणत्या डोंगरांतून निघत आहे हें इतक्या दुरून कळत नव्हतें. इटलींतील पाइन वृक्षासारखा त्याचा आकार होता: सरळ उंच खोड, आणि माथ्यावर चोहोंकडे पसरलेल्या फांद्या. हा चमत्कार जवळून पाहिला पाहिजे असें त्याच्यांतील अभ्यासकाला वाटलें व त्यानें एक हलकें जहाज सज्ज करण्याचा हुकूम दिला. येत असल्यास चल, असें त्यानें भाच्याला विचारलें. भाच्यानें अभ्यास करणें पसंत केलें. मामानेंच त्याला कांहीं लिहावयास दिलें होतें.

प्लिनी घरांतून निघतो न निघतो तोंच त्याच्या हातीं एक चिठ्ठी पडली. रेक्टिना नांवाच्या बाईचें घर पर्वताच्या अगदीं पायथ्याशीं होतें व समुद्राखेरीज सुटकेचा मार्ग उरला नव्हता. आपणांस वांचवावें अशी तिनें कळवळून विनंती केली होती. त्या क्षणीं प्लिनीचा बेत बदलला. जिज्ञासेनें जी सफर आरंभिली होती ती त्यानें कर्तव्य म्हणून पुरी करण्याचें ठरविलें. आरमाराचीं मोठीं वल्ह्यांचीं जहाजें त्यानें पाण्यांत लोटलीं. एका रेक्टिनेसाठींच नव्हे. तो किनारा रम्य असल्यामुळें तेथें दाट वस्ती होती, आणि त्या सर्वांना तो आणावयास निघाला. ज्या दिशेकडून लोक पळत होते त्याच दिशेनें त्यानें सुकाणूं धरविलें. वाटेंत ढगाचा प्रत्येक पालट व प्रत्येक आकार तो लेखनिकाकडून लिहवून घेत होता.

जसजशीं जहाजें जवळ आलीं तसतशी राख अधिक ऊन व अधिक दाट पडूं लागली. मग वजरीसारखे सच्छिद्र हलके दगड व आगीनें फुटलेल्या काळ्या खडकांचे तुकडे पडूं लागले. समुद्र एकाएकीं उथळ झाला. पर्वतावरून आलेल्या राशींनीं किनारा अडला होता. सुकाणूदारानें परत फिरण्याचा सल्ला दिला. प्लिनी क्षणभर थबकला, आणि धैर्य करणारालाच दैव साह्य करतें असें म्हणून त्यानें जहाज स्टॅबिआ गांवाकडे वळविलें. तेथें त्याचा मित्र पॉम्पोनियानस सामान जहाजांत भरून वाऱ्याची वाट पाहत बसला होता. जो वारा प्लिनीला किनाऱ्याकडे घेऊन आला तोच मित्राला किनारा सोडूं देत नव्हता. आणि आतां दोघांनाहि तो सोडणार नव्हता.

मित्र भीतीनें कांपत होता. त्याला धीर यावा म्हणून प्लिनीनें स्नान केलें व आनंदी मुद्रेनें भोजन केलें. मुद्रा आनंदाची नसली तरी ती आणणें हें कांहीं लहान काम नव्हे, असा भाच्याचा अभिप्राय दिसतो. रात्रीं पर्वतावर ठिकठिकाणीं ज्वाळा दिसूं लागल्या. पळालेल्या शेतकऱ्यांचीं ओस घरें जळत आहेत असें सांगून त्यानें सर्वांची समजूत घातली आणि तो गाढ झोंपीं गेला. इकडे त्याच्या खोलीपुढील अंगणांत राख व दगड यांचा थर इतका चढला कीं आणखी थोडा वेळ जाता तर दार उघडलें नसतें. लोकांनीं त्याला उठविलें. घर वारंवार हादरत होतें. आंत राहावें तर छप्पर कोसळण्याचें भय, बाहेर जावें तर दगडांचा वर्षाव. दोन भयांची तुलना करून त्यांनीं बाहेरचें पत्करलें, आणि डोक्यावर उशा बांधून ते निघाले. इतरत्र दिवस उजाडला होता. येथें कोणत्याहि रात्रीपेक्षां काळाकुट्ट अंधार होता. किनाऱ्यावर येऊन पाहतात तों समुद्र तसाच खवळलेला. प्लिनी एका शिडाच्या कापडावर पडला. त्यानें दोनदां थंड पाणी मागून घेतलें. इतक्यांत ज्वाळा दिसल्या व गंधकाची दुर्गंधि आली. बाकीचे पळूं लागले. दोन सेवकांच्या आधारानें तो उठला, आणि लगेच खालीं कोसळला. त्याचा श्वासमार्ग जन्मतःच अरुंद व नाजूक होता. विषारी हवेनें तो गुदमरला असें भाच्यानें मानलें. परंतु त्याच जागेवरील इतर लोक वांचले, यावरून त्याचें हृदय थकलें असावें असेंहि कांहीं आधुनिक वैद्यांना वाटतें. पुन्हां सूर्यप्रकाश पडला तेव्हां त्याचा देह अंगावरील वस्त्रांसह जसाच्या तसा सांपडला. मृताहून निद्रिताप्रमाणेंच तो दिसत होता. त्या वेळीं त्याचें वय ५५ वर्षांचें होतें. रेक्टिनेचें पुढें काय झालें हें पत्रांत आलेलें नाहीं.

मिसेनम येथें त्याच पहांटे भाचा व बहीण यांच्यावरहि प्रसंग ओढवला. भूकंपानें घर डोलूं लागलें; चाकांना दगड लावले तरी गाड्या जागेवर राहीनात; समुद्र मागें हटून मासे वाळूंत उघडे पडले. मग काळा ढग पाणी ओलांडून आला. आई थकली होती. मला सोडून तूं पळ, असा तिनें मुलाला आग्रह केला. मुलानें तिचा हात धरून तिला चालविलें. गर्दींत तुडविलें जाऊं नये म्हणून ते रस्त्याच्या बाजूस बसले आणि अंगावरील राख पुन्हां पुन्हां उठून झाडीत राहिले. तसें न केलें तर तिच्याखालीं ते पुरले गेले असते. दोघेंहि वांचलीं.

टायटस बादशहानें प्रांताच्या उद्धारासाठीं माजी कॉन्सलांपैकीं अधिकारी नेमले, आणि जे वारस न ठेवतां मेले होते त्यांची मालमत्ता संकटग्रस्त गांवांच्या उभारणीस लावली. परंतु पॉम्पेई व हर्क्युलेनियम पुन्हां उभीं राहिलीं नाहींत. हर्क्युलेनियम येथें १७३८ मध्यें व पॉम्पेई येथें १७४८ मध्यें खोदकाम सुरू झालें. पॉम्पेईंत १९३८ मध्यें हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. तिच्यासारखें हस्तिदंती काम आमच्या मराठवाड्यांत तेर व भोकरदन येथें मिळालें आहे. तेव्हां सातवाहनांच्या मुलखांतील कारागिराच्या हातची वस्तु व्हेसुव्हियसच्या राखेखालीं अठराशें वर्षें पडून राहिली असण्याचा संभव आहे. उद्रेकाची तारीख परंपरेनें २४ ऑगस्ट मानीत, म्हणजे अग्निदेवतेच्या उत्सवाचा दुसरा दिवस. परंतु २०१८ मध्यें पॉम्पेईच्या एका भिंतीवर कोळशानें लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्याची नोंद सांपडली, आणि तेव्हांपासून उद्रेक त्या शरदृतूंत झाला असावा हें मत बळावलें आहे.

त्या राखेचे थर व ते पत्र एकत्र वाचून शास्त्रज्ञांनीं त्या दोन दिवसांचा उलगडा केला आहे. पहिले सुमारें अठरा तास वीस मैलांच्या आसपास उंच चढलेल्या स्तंभांतून सच्छिद्र दगडांचा वर्षाव झाला. पॉम्पेईंत त्यांचा सुमारें नऊ फुटांचा थर बसला. तेथें सांपडलेल्या मृतांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोक याच टप्प्यांत मेले, व त्यांतील बहुतेक छपरें आणि भिंती अंगावर पडून. पाय जड न करितां या वेळेंत जे निघून गेले ते पुष्कळसे वांचले असावेत. नंतर स्तंभ ढासळला, आणि तप्त वायु व राख यांचे लोट जमिनीसरपट घोड्याहून वेगानें धांवले. त्यांच्यापुढें पळणें नाहीं आणि दार लावणेंहि नाहीं. हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावरील नावा ठेवण्याच्या कमानींत सुमारें तीनशें लोक जहाजांची वाट पाहत उभे होते. तेथेंच ते जागच्या जागीं मेले. त्यांचे सांगाडे १९८० नंतर उजेडांत आले.

वाहता शिलारस हाच ज्वालामुखीचा मुख्य धोका, असें आपण चित्रांवरून समजतों. प्लिनीच्या कथेंत शिलारसानें मेलेला एकहि मनुष्य नाहीं. शिलारस बहुधा हळू चालतो. शेत व घर गिळतो, परंतु मनुष्याला निघून जाण्यास वेळ देतो. प्राण जातात ते छपरावर सांचलेल्या राखेनें, श्वासांत शिरलेल्या वायूनें, तप्त लोटानें, आणि राखेंत पाणी मिसळून होणाऱ्या चिखलाच्या पुरानें. मार्टिनिक बेटांतील सेंट पिएर शहर १९०२ मध्यें अशाच लोटानें कांहीं मिनिटांत नष्ट झालें व सुमारें २८,००० लोक मेले. कोलंबियांत १९८५ मध्यें नेव्हादो देल रुईस पर्वताच्या बर्फाचें पाणी होऊन चिखलाचा पूर आला व आर्मेरो गांवासह २३,००० हून अधिक लोक गडप झाले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीं तयार झाला होता. गांव मात्र हलविलें गेलें नाहीं. उलट फिलिपाइन्समधील पिनातुबो पर्वत १९९१ मध्यें फुटण्यापूर्वीं शास्त्रज्ञांचा इशारा मानून हजारों लोक हलविण्यांत आले, आणि ते वांचले. तेथें जे मेले त्यांतील पुष्कळ लोक पावसानें भिजून जड झालेल्या राखेखालीं छपरें कोसळून मेले. उशा डोक्यावर बांधणाऱ्या त्या मंडळीची आठवण येथें झाल्याशिवाय राहत नाहीं.

उद्रेक थांबला म्हणजे संकट संपलें असेंहि नाहीं. १७८३ मध्यें आइसलंडांत लाकी येथील भेगांतून निघालेल्या वायूनें गवत विषारी झालें, जनावरें मेलीं, आणि पुढील दुष्काळांत देशाच्या लोकसंख्येचा सुमारें पंचमांश नाहींसा झाला. इंडोनेशियांतील तांबोरा १८१५ मध्यें फुटला, आणि दुसऱ्या वर्षीं युरोप व अमेरिकेंत उन्हाळाच आला नाहीं, पिकें बुडालीं. एका डोंगराच्या तोंडचा घांस हजारों मैलांवरील शेतकऱ्याच्या ताटांतून जातो.

आतां प्लिनीचा न्याय कसा करावा? त्यानें चुका केल्या हें उघड आहे. ज्वाळांना शेतकऱ्यांचीं घरें समजला किंवा तसें भासविलें, पळण्याच्या वेळीं जेवला व निजला, आणि कदाचित् मोलाचे तास गमावले. परंतु त्या वेळीं पृथ्वीवर कोणत्याहि पुस्तकांत अशा उद्रेकाचें वर्णन नव्हतें. दोन हजार पुस्तकें वाचलेल्या मनुष्याला ज्या एका पुस्तकाची गरज होती तें अजून लिहिलें जावयाचें होतें, आणि तें त्याच्याच मरणानें लिहविलें. त्याचीं जहाजावरील टिपणें आज आपल्याजवळ नाहींत. भाच्याचीं दोन पत्रें आहेत. ज्या मुलानें अभ्यास पुरा करण्यासाठीं मामाबरोबर जाण्याचें नाकारलें, त्यानेंच पाहिलेलें व ऐकलेलें नीट लक्षांत ठेवून साऱ्या जगाच्या उपयोगीं पाडलें. म्हणून प्लिनीय हें नांव त्या दोघांचेंहि आहे, असें आम्ही समजतों.

व्हेसुव्हियस त्यानंतर अनेकदां जागा झाला. १६३१ च्या उद्रेकांत हजारों लोक मेले. १८४१ मध्यें त्याच्या उतारावर जगांतील पहिली ज्वालामुखी-वेधशाळा स्थापन झाली. शेवटचा उद्रेक १९४४ मध्यें झाला. तेव्हांपासून तो पुन्हां शांत आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या अति धोक्याच्या पट्ट्यांत आज सुमारें सहा-सात लक्ष लोक राहतात. फरक इतकाच कीं आतां त्यांच्या पर्वताचें नांव यादींत आहे, त्याच्या प्रत्येक हालचालीची रात्रंदिवस नोंद होते, आणि वेळ आली तर कोणी कोठें जावयाचें हें ठरलेलें आहे. रेक्टिनेच्या हांकेला जो धांवून गेला त्याचें धैर्य आम्हांस पूज्य आहे. परंतु पुढच्या रेक्टिनेला चिठ्ठी पाठविण्याची वेळच येऊं नये, तिला आदल्या दिवशींच सुखरूप हलवितां यावें, ही व्यवस्था जे शांतपणें मोजमाप करून व लिहून करीत आहेत, ते त्याच पुरुषाचें अपुरें राहिलेलें टिपण पुरें करीत आहेत.